निकोबारच्या मंडळीसोबतचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकोबार बेटांवरच्या चर्चचं, म्हणजे तिथल्या मंडळीचं, शिक्षण-प्रशिक्षणाचं आणि मदतीचं जे काम चालतं, त्याला इथून हातभार लावणारा आमचा एक छोटा गट आहे. वर्षभर लोक प्रश्न पाठवतात, नाताळच्या सुमारास तर फोन खाली ठेवायला फुरसत नसते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधी माहिती आहे, कायद्याचे आणि पैशांचे किचकट प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. निकोबार म्हणजे अंदमानच ना? सेल्युलर जेल पाहायला गेलो होतो, तेव्हा तिथेही जाता आलं असतं का?

नाही. केंद्रशासित प्रदेश एक असला तरी निकोबार हा वेगळा जिल्हा आहे. अंदमानच्या दक्षिणेला टेन डिग्री चॅनल ही सामुद्रधुनी ओलांडल्यावर ही बेटं सुरू होतात. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजय पुरम) ते कार निकोबार बेट हे अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. जहाज किंवा हेलिकॉप्टरने जायचं, आणि समुद्र खवळला की दोन्ही रखडतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३६,८४२ होती. त्यातले सुमारे सत्तर टक्के ख्रिस्ती. संपूर्ण निकोबार आदिवासींसाठी राखीव असल्यासारखंच आहे, त्यामुळे राखीव भागात पर्यटक म्हणून जाता येत नाही. परवानगीबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. निकोबारी लोक म्हणजे जारवा, सेंटिनेली यांच्यासारखेच का?

अजिबात नाही, आणि ही गल्लत सर्वात जास्त होते. निकोबारी लोक शतकानुशतकं बाहेरच्या जहाजांशी नारळाचा व्यापार करत आले आहेत. त्यांच्यात शिक्षक आहेत, नर्सेस आहेत, सरकारी अधिकारी आहेत, फुटबॉलपटू तर गावोगावी आहेत. त्यांच्या भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या. आपल्या मेळघाटातली कोरकू याच कुळातली, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावं असं वाटतं. जारवा, सेंटिनेली, ओंगे, ग्रेट अंदमानी आणि शोम्पेन यांना वेगळं कायदेशीर संरक्षण आहे. आमचं त्यांच्यात कसलंही काम नाही (प्रश्न १२).

३. तिथे ख्रिस्ती धर्म कसा गेला? इंग्रजांनीच नेला ना?

इंग्रजांच्या आधीपासून प्रयत्न झाले होते आणि ते फसले. डेन्मार्कच्या राजवटीत, १७६८ पासून, मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी ननकौरी बेटावर राहिले. वीसेक वर्षांत त्यांच्यातले बहुतेक जण तापाने गेले आणि मिशन बंद पडलं.

ज्यांच्यामुळे काम रुजलं ते भारतीय होते. मद्रासकडचे वेदप्पन सॉलोमन १८९० च्या दशकात कार निकोबारला गेले. सरकारचे प्रतिनिधी, शिक्षक, औषध देणारे आणि सुवार्तिक (धर्मप्रचारक) अशी सगळी कामं त्यांनी एकट्याने केली. त्यांच्या छोट्या शाळेतून जे मूल पुढे आलं, त्याने सगळ्या बेटाचा इतिहास बदलला.

४. बिशप रिचर्डसन यांचं नाव सगळीकडे दिसतं. ते इंग्रज होते का?

नाव इंग्रजी, माणूस अस्सल निकोबारी. जॉन रिचर्डसन यांचा जन्म १८८४ चा, कार निकोबारमधल्या मुस गावचा. सॉलोमन यांच्या शाळेत शिकले, पुढच्या शिक्षणासाठी ब्रह्मदेशात गेले आणि १९१२ मध्ये शिक्षक म्हणून गावी परतले. मुलांना अक्षरं शिकवली तसा फुटबॉलही शिकवला. बायबलचा नवा करार निकोबारी भाषेत आणला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेटं ताब्यात घेतली, हेरगिरीच्या संशयावरून अनेक निकोबारी माणसांना ठार मारलं. रिचर्डसनही पकडले गेले होते, ते वाचले. युद्धानंतरच्या वर्षांत जवळजवळ सगळं कार निकोबार ख्रिस्ती झालं.

१९५० मध्ये ते बिशप झाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत या बेटांचे नामनियुक्त खासदार तेच होते. पुढे पद्मश्री आणि १९७५ मध्ये पद्मभूषण मिळालं. कार निकोबारच्या जिल्हा रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे त्यांच्याबद्दल इतकं कमी बोललं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. संडे स्कूलमध्ये दूरदेशीच्या मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगतो, तशी ही गोष्टही सांगितली पाहिजे.

५. आज तिथलं चर्च कोण चालवतं? महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध?

तिथली मंडळी तिथलीच माणसं चालवतात. पाळक (धर्मगुरू) निकोबारी, मंडळीचे वडीलधारे निकोबारी, उपासना निकोबारी भाषेत, आणि गायन असं की ऐकतच राहावं. बहुतेक मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या अंदमान-निकोबार धर्मप्रांतात येतात. पुणे, नाशिक, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, मराठवाडा हे आपले धर्मप्रांतही त्याच चर्चचे. म्हणजे तिथली मंडळी आपली भावंडं आहेत, आणि भावंडांशी वागायची जी रीत, तीच इथे लागू.

कॅथलिक बाजूला गोव्याचा धागा फार जुना आणि पक्का आहे. गोव्यातल्या पिलार संस्थेच्या धर्मगुरूंनी १९६० च्या दशकापासून या बेटांवरचं काम सांभाळलं. १९८४ मध्ये पोर्ट ब्लेअर धर्मप्रांत झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप आलेइशो दास नेव्हिस दियश हे पिलारचेच होते आणि २०१९ पर्यंत त्या पदावर राहिले.

६. लोक आधीच ख्रिस्ती आहेत, चर्च त्यांचंच आहे, तर मग मिशन कसलं?

मंडळी ज्या कामात सोबत मागते, त्या कामात सोबत देणं. सध्या मागणी मुख्यतः प्रशिक्षणाची असते. नर्सिंग, शिक्षकी पेशा, होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती, शिवणकाम, हिशेब आणि संगणक. पाळकांच्या शिक्षणासाठी कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजसारख्या संस्था आहेत, त्यासाठी शिष्यवृत्त्या लागतात.

एक उदाहरण खोबऱ्याचं. निकोबारमध्ये पैसा येतो तो मुख्यतः सुक्या खोबऱ्यातून. नारळ फोडून वाट्या मचाणावर ठेवतात, खाली जाळ करून धुरावर सुकवतात. जाळ जास्त झाला तर खोबरं करपतं, कमी पडला तर आत ओल राहते आणि बुरशी धरते. व्यापारी वाटी मोडून बघतो, आतला रंग पाहतो आणि भाव पाडतो. सुकवायची रीत थोडी सुधारली, माल एकत्र करून वजन आणि हिशेब गावानेच ठेवला, तर तोच नारळ जास्त पैसे देतो. असं प्रशिक्षण चार दिवसांचं असतं, पण शिकवणारा माणूस नारळाच्या मुलखातला हवा. कोकणातला बागायतदार इथे लाखमोलाचा.

७. त्सुनामीनंतर तर देशभरातून मदत गेली होती. तरीही तिथले लोक मदतीचं नाव काढलं की गप्प का होतात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी नेहमी थोडा वेळ काढून बोलायला सांगतो.

२६ डिसेंबर २००४, रविवार, नाताळचा दुसरा दिवस. गावं समुद्रकाठाला होती आणि कार निकोबार हे सपाट बेट. अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेतीन हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक निकोबार जिल्ह्यातली. देवळं (म्हणजे चर्चच्या इमारती), शाळा, होड्या, डुकरं, नारळाच्या बागा, सगळं वाहून गेलं. ग्रेट निकोबारच्या टोकाशी जमीनच चार मीटरहून अधिक खचली.

मग मदत आली. विषुववृत्ताच्या इतक्या जवळच्या बेटांवर लोकरी कपडे आणि कांबळी पोचली. लोक हत्यारं मागत होते. कोयते, कुऱ्हाडी, करवती द्या, घरं आम्ही बांधतो, कारण घर बांधणं त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मिळाले ते पत्र्याचे निवारे, दुपारी भट्टीसारखे तापणारे.

खोल घाव मात्र वेगळाच बसला. कार निकोबारमध्ये जमीन, नारळ आणि डुकरं ‘तुहेत’च्या मालकीची असतात. तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, एका वडीलधाऱ्याच्या शब्दाने चालणारं. नुकसानभरपाई आली ती नवरा-बायको-मुलं अशा सुट्या कुटुंबांच्या नावावर, नवीन घरंही तशीच वाटली गेली. जिथे सगळं एकत्र वाटून खाण्याची रीत होती, तिथे भावाभावांत कोणाला किती मिळाले याचे हिशेब सुरू झाले. नारळाचं झाड लावल्यापासून फळ धरेपर्यंत सहा-आठ वर्षं जातात, त्यामुळे मधली सगळी वर्षं लोक रोख पैशावर आणि रेशनवर काढत होते.

देणाऱ्यांत वाईट हेतू कोणाचा नव्हता. चर्चच्या संस्थाही त्यात होत्या आणि त्यांनी चांगली कामंही केली. पण काय हवं हे आधी विचारलं गेलं नाही, किंवा विचारलं तरी ऐकलं गेलं नाही. म्हणून आमच्या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच : जे मागितलेलं नाही ते पाठवायचं नाही.

८. विचारायचं म्हणजे नेमकं कोणाला?

प्रत्येक गावाला कॅप्टन असतात. पहिला, दुसरा, तिसरा अशी उतरंड असते आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास असतो. त्यांच्या वर बेटाची आदिवासी परिषद, म्हणजे ट्रायबल कौन्सिल. चर्चचं काम असेल तर गावचे पाळक आणि धर्मप्रांताचं कार्यालय. या दोन्ही बाजूंचा होकार आल्याशिवाय आम्ही एक रुपयाही गोळा करत नाही. उत्तर यायला कधी कधी दोन-तीन महिने लागतात. गावात बैठक होते, सगळे बोलतात, मग ठरतं. घाई करणाऱ्या देणगीदारांना आम्ही दुसरं काम सुचवतो.

९. मी निवृत्त नर्स आहे. स्वखर्चाने सहा महिने तिथे जाऊन शिकवू शकते का?

ताई, तुमच्यासारख्यांचीच गरज आहे, पण थेट जाता येणार नाही. १९५६ च्या आदिवासी जमाती संरक्षण विनियमानुसार निकोबारच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्या भारतीय नागरिकालाही पास लागतो. तो प्रशासन देतं, कामाचं कारण पाहून, ठराविक मुदतीसाठी. चर्चचं किंवा शाळेचं निमंत्रणपत्र असलं तरी पास मिळेलच अशी खात्री नसते, आणि पास हातात येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नये.

एक पर्याय जास्त उपयोगी पडतो. निकोबारी मुली पोर्ट ब्लेअरला शिकायला आणि राहायला असतात. त्यांना तिथे शिकवायला पास लागत नाही. भाषा, राहणं, दवाखाना या सगळ्याच बाबतीत ते सोपं जातं.

१०. आमचे अमेरिकेतले पाहुणे बरोबर येणार आहेत. २०१८ मध्ये परदेशी लोकांसाठी बंधनं उठली असं वाचलं होतं.

२०१८ मध्ये २९ बेटांवरची परदेशी नागरिकांसाठीची ‘प्रतिबंधित क्षेत्र परवाना’ ही अट शिथिल झाली, हे खरं. पण १९५६ चा विनियम वेगळा आहे आणि तो जसाच्या तसा लागू आहे. राखीव क्षेत्रात पास लागतोच (प्रश्न ९). शिवाय पर्यटक व्हिसावर येऊन मिशनचं काम करणं हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे. पाहुण्यांना पोर्ट ब्लेअरच्या मंडळीत रविवारची उपासना जरूर दाखवा.

११. खरं सांगा, मदतीच्या बदल्यात धर्मांतर होतं का?

प्रश्न रास्त आहे आणि हिंदू मित्रांकडून येतो तसा ख्रिस्ती घरांतूनही येतो. आमच्या कामात मदतीला धर्माची अट नाही. निकोबारमध्ये मुसलमान आणि हिंदू कुटुंबं आहेत, जुन्या श्रद्धा पाळणारी माणसं आहेत, आणि प्रशिक्षणाच्या वर्गात ती बसतात. कायद्यानेही आमिष दाखवून किंवा बळजबरीने धर्मांतर करणाऱ्या संस्थेला परदेशी निधीची नोंदणी मिळत नाही. पण कायदा नसता तरी हेच म्हटलं असतं. भुकेल्या माणसाला भाकरीसोबत अट दिली तर ती सुवार्ता उरत नाही, सौदा होतो.

आम्ही विश्वास लपवतही नाही. काम प्रार्थनेने सुरू होतं, आणि का करतो असं कोणी विचारलं तर प्रभु येशूचं नाव घेतो. ज्याला प्रार्थनेत बसायचं नाही तो बाहेर थांबतो, त्याच्या शिष्यवृत्तीला त्याने काहीही फरक पडत नाही.

१२. मग सेंटिनेली लोकांपर्यंत सुवार्ता कोण नेणार? जॉन चाऊ हुतात्मा नाही का?

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण मच्छीमारांना पैसे देऊन बेकायदा उत्तर सेंटिनेल बेटावर गेला आणि मारला गेला. त्याला नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. त्याच्या घरच्यांच्या दुःखाबद्दल मनात सहानुभूती आहे, पण आम्ही त्या वाटेला जाणार नाही आणि तिचं कौतुकही करणार नाही.

कारण फक्त कायद्याचं नाही. जगापासून इतका काळ दूर राहिलेल्या माणसांच्या अंगात साध्या फ्लूची, गोवराची प्रतिकारशक्ती नसते. एकोणिसाव्या शतकात ग्रेट अंदमानी लोकांची वसाहतीशी गाठ पडली, आणि हजारोंच्या संख्येने असलेली ती माणसं आज काही डझन उरली आहेत. प्रीतीने जाणारा माणूससुद्धा श्वासातून मृत्यू नेऊ शकतो. आणि सेंटिनेली लोकांनी ‘नको’ हे स्पष्ट सांगितलेलं आहे. प्रश्न ८ मधला नियम इथेही तोच.

१३. शोम्पेन तर ग्रेट निकोबारवरच राहतात. निकोबारी ख्रिस्ती त्यांच्यात काम करत असतील ना?

शेजारी म्हणून त्यांची देवाणघेवाण जुनी आहे, ते त्यांचं आपसातलं नातं. २०११ च्या जनगणनेत शोम्पेन २२९ होते. बाहेरून कोणतीही मोहीम आखणं चूक आहे, वर दिलेल्या कारणांनी.

१४. ग्रेट निकोबारच्या मोठ्या प्रकल्पाला (बंदर, विमानतळ, नवं शहर) तुमचा विरोध आहे की पाठिंबा?

देणगीदार दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणून हा प्रश्न अवघड जातो. तिथले लोक काय म्हणतात तेवढं सांगतो. त्सुनामीनंतर दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोबारी कुटुंबांना बेटावरच्या कॅम्पबेल बे या गावाजवळच्या वसाहतींत आणलं गेलं. ती सोय तात्पुरती असेल असं त्यांना वाटलं होतं. चिंगेन्ह, पुलो बाहा, कोकेओन अशा आपल्या जुन्या गावांना परत जायचं आहे, असं ते तेव्हापासून सांगत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पासाठी आधी दिलेलं ना-हरकत पत्र मागे घेतलं, आपल्या पूर्वजांच्या जमिनीबद्दल पुरेशी माहिती दिली गेली नव्हती असं सांगून.

आमचा गट प्रकल्पावर ठराव करणार नाही. पण त्या माणसांचं म्हणणं मराठीत पोचवणं हे आमच्या कामातच बसतं, असं मी ठामपणे मानतो.

१५. आमच्या हॉस्टेलमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. निकोबारच्या मुलांना पुण्यात शिकायला आणूया का?

अठरा पूर्ण झालेली, स्वतःहून अर्ज केलेली मुलं-मुली असतील तर आनंदाने. शाळकरी मुलांना आम्ही आणत नाही, कोणी कितीही चांगली सोय देऊ केली तरी. मुलाने घरी, स्वतःच्या भाषेत, आजी-आजोबांजवळ वाढावं.

मोठ्या मुलांसाठीही जागा आणि फी एवढ्याने भागत नाही. इथे नर्सिंगला आलेली एक मुलगी वर्गात सगळं टिपून घ्यायची पण एकही प्रश्न विचारायची नाही. घरी निकोबारी, शाळेत हिंदी, आणि इथे इंग्रजी पुस्तक, मराठी पेशंट. एका सिनियर सिस्टरने रोज संध्याकाळी तिला बसवून वॉर्डातली मराठी शिकवली. ‘कुठे दुखतंय’, ‘पोट साफ झालं का’, ‘सलाईन संपत आलंय’. दिवाळीपर्यंत ती पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगायला लागली. अशी एक तरी सिस्टर शोधून ठेवा, मग जागेचं बोलू.

१६. देणगीवर आयकरात सवलत मिळते का?

ज्या संस्थेला देता तिची ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर सवलत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. देवळाच्या डागडुजीला किंवा उपासनेच्या खर्चाला दिलेल्या दानावर ही सवलत साधारणपणे लागू होत नाही, शिष्यवृत्तीसाठी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर होऊ शकते. पावतीवर कारण नीट लिहून घ्या.

१७. मी दुबईत नोकरी करतो. परदेशी निधीचा कायदा मला लागतो का?

पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे तुमच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत दिलेले असतील, तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पासपोर्टची प्रत पावतीसोबत जोडून ठेवतो, तेवढी द्या.

अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलेले, ओसीआय कार्डधारक असलेले मात्र परदेशी स्रोत ठरतात. त्यांची देणगी घ्यायला संस्थेकडे परदेशी निधीची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या ठराविक खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद झालं आहे. त्यामुळे ‘पुण्यातल्या ट्रस्टला देतो, ते निकोबारला पाठवतील’ हे चालत नाही. ज्या संस्थेने काम करायचं, तिच्याकडेच नोंदणी हवी आणि तिलाच थेट द्यायला हवं.

१८. मी ओसीआय आहे. आईच्या खात्यावर पैसे पाठवतो, ती तिच्या नावाने देणगी देईल. आईला पैसे पाठवायला तर मनाई नाही ना?

आईला घरखर्चाला पाठवायला मनाई नाही. पण देणगीसाठीच आईच्या हातून फिरवलेले पैसे कायद्याच्या नजरेत परदेशीच राहतात, मधे कितीही हात आले तरी. आम्ही अशी रक्कम परत करतो. आईने स्वतःच्या पेन्शनमधून पाचशे रुपये दिले तर ते घेऊ आणि त्यांच्या नावाची पावती देऊ. तुमच्यासाठी नोंदणी असलेली संस्था सुचवता येते, मेसेजमध्ये फक्त तुम्हाला कोणत्या कामासाठी द्यायचं आहे ते लिहा.